मजुरी वाढली की काम घटतं? १९८८ ची रोजगार हमी आणि आमचा बांध

बांधावरून

दिवाळीत गावी गेले होते. आमचं गाव जामखेड तालुक्यात. चार एकर रान, त्यातलं दीड एकर विहिरीच्या भरवशावर. भाऊ शेती बघतो, मी पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम करते. पहिल्याच संध्याकाळी विषय निघाला. रांगड्या कांद्याची लागवड अडली होती, बायका मिळत नव्हत्या.

भाऊ म्हणाला, "रोज चारशे केला तरी कुणी येईना. रेशन फुकट, वर महिन्याला पंधराशे खात्यात. उन्हात कशाला येतील?" आई तांदूळ निवडत बसली होती. तिने आयुष्याची वीस वर्षं लोकांच्या रानात खुरपणी केली आहे. मान वर न करता म्हणाली, "चारशे कधीपासून केलेस? मागल्या आठवड्यापर्यंत अडीचशेच देत होतास."

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. या चर्चागटात शेती करणारे, अर्थशास्त्र शिकवणारे, परदेशात राहणारे असे सगळेच आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आपण नेहमी दोन वेगळ्या तक्रारी एकात मिसळतो. एक म्हणते, मजुरी कायद्याने वाढवली तर काम देणारा हात आखडेल आणि लोक बेकार होतील. दुसरी म्हणते, घरबसल्या काही मिळालं तर काम करणारा हात आखडेल आणि मजूर मिळणार नाहीत. पहिलीत काम कमी पडतं, दुसरीत माणसं कमी पडतात. एकाच गावात, एकाच हंगामात, दोन्ही खरं कसं असेल?

दुसरीचा हिशेब मी तिथेच मांडला. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये. आमच्याकडे बाईचा रोज ३०० धरला तर ही पाच दिवसांची मजुरी झाली. पाच दिवसांच्या मजुरीवर महिना कुणी काढत नाही. पण एक गोष्ट नक्की बदलते. घरात तेल-मीठ आहे, पोराची फी भरलेली आहे, अशा बाईला अडीचशेला "नाही" म्हणता येतं. पूर्वी येत नव्हतं. किती मिळाले तर घरातून निघायचं याचा तिच्या मनातला आकडा वर सरकतो. ती घरी बसते ती त्या दराला. दर वाढला की येते, आणि आमच्याकडे शेवटी आल्याच. पण तोवर रोपं पिवळी पडली होती.

आता पहिली तक्रार. यासाठी अमेरिकेची उदाहरणं देतात. मला आपल्याच महाराष्ट्रातलं एक सापडलं, आणि ते आपल्याकडेच फार कमी लोकांना ठाऊक आहे.

रोजगार हमी योजना (रोहयो) आपण देशाच्या आधी केली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळाने तिला बळ दिलं. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागा, पंधरा दिवसांत मिळेल, नाही मिळालं तर भत्ता. पैसा कुठून? १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर आणि तेवढीच भर राज्य सरकारची. माझ्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपयांची ती ओळ अजून दिसते. माझ्या लहानपणी आईने ज्या पाझर तलावावर माती वाहिली, त्याचे पैसे अशाच ओळींमधून आले होते.

रोहयोचा दर शेतमजुरीच्या किमान वेतनाला बांधलेला होता. मे १९८८ मध्ये शेतमजुरीचं किमान वेतन जवळजवळ दुप्पट झालं, तळाच्या परिमंडळात, म्हणजे सगळ्यात कमी दराच्या भागात, दिवसाला सहा रुपयांवरून बारा. रोहयोचा दरही त्याबरोबर वर गेला. आता साध्या समजुतीने काय व्हायला हवं? दर दुप्पट झाला म्हणजे कामावर येणारे वाढायला हवेत, कारण मागेल त्याला काम द्यायचं असं कायदाच सांगतो. झालं उलटं. हजेरी घसरली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या तिघांनी १९९३ मध्ये यावर निबंध लिहिला. त्यांनी महिन्यामहिन्याच्या हजेरीचे आकडे घेतले, पावसाचा आणि हंगामाचा परिणाम वेगळा काढला, आणि दाखवलं की ही घसरण नुसत्या चांगल्या पावसाची नव्हती. कामाचं रेशनिंग सुरू झालं होतं. मागणारे होते, देणं कमी झालं होतं.

म्हणजे किमान वेतन वाढल्याने काम घटलं, असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. दर वाढवला, पण त्या दराने सगळ्यांना काम देण्याइतका पैसा ठेवला नाही, म्हणून काम घटलं. हमी कागदावर राहिली. यात दोष बारा रुपयांचा नाही.

तुमचे अनुभव लिहा. १९८८ च्या सुमारास रोहयोवर असलेले कुणी इथे असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

सावली

वाचतेय. विषय जवळचा आहे, आमच्या घरी पण हाच वाद होतो.

पेठेतला हिशेब

ताई, मांडणी आवडली. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, थोडी भर घालतो.

पुस्तकात पहिल्या वर्षाला आम्ही फळ्यावर दोन रेषा काढतो. मागणी आणि पुरवठा जिथे छेदतात त्याच्या वर मजुरी बांधली की बेकारी. हे चित्र एका गृहीतावर उभं आहे. काम देणारे पुष्कळ आहेत, आणि एकाने कमी दिलं तर मजूर लगेच दुसऱ्याकडे जातो. आता तालुक्याला एकच जिनिंग आहे असं धरा. मालकाला दहा माणसं हवीत. आठ माणसं २५० ला मिळतात. आणखी दोन मिळवायची तर ३०० द्यावे लागतील, पण मग आधीच्या आठांनाही ३०० द्यावे लागतील. तो म्हणतो, आठांवरच भागवू. इथे सरकारने ३०० चा दर बांधला तर त्याचा तो हिशेबच संपतो. आठांनाही ३०० द्यायचेच आहेत, मग दहा घेतलेली बरी. मजुरी वाढली आणि कामही वाढलं. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच हे मांडलं होतं.

प्रत्यक्षात काय होतं? १ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तेच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांना आधी आणि नंतर विचारलं, माणसं किती आहेत? न्यू जर्सीत ती घटलेली दिसली नाहीत. १९९४ च्या या निबंधावर वर्षानुवर्षं भांडण झालं. न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रकं काढून उलट निष्कर्ष मांडला. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, तरी वाद मिटलेला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सिॲटल शहराने २०१६ मध्ये दर १३ डॉलरपर्यंत नेला. तिथल्या विद्यापीठाच्या गटाला कमी पगाराच्या कामांचे तास सुमारे ९ टक्के घटलेले दिसले. माणसाला काढलं नाही, त्याचे तास कापले. त्याच सुमारास बर्कलीच्या गटाला हॉटेल व्यवसायात नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. त्यामुळे "नेहमीच घटतं" किंवा "कधीच घटत नाही" असं छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

खडकाळ रान

ताई, तुमचा भाऊ चुकीचा नाही. त्याच्या बाजूनं बोलायला इथं कुणी नाही म्हणून मी लिहितो.

मी हिंगोली जिल्ह्यातला. सहा एकर सोयाबीन. २०२४ ला हमीभाव ४,८९२ होता. माझं सोयाबीन ४,१०० नं गेलं. ओलावा सांगून कटती झाली ती वेगळी. एकरी सात क्विंटल उतारा, म्हणजे २८,७०० रुपये हातात. त्यातून एकरी काढणीचं उक्तं ५,००० गेलं, मळणी वेगळी. खुरपणी करायची तर एकरी दहा बायका, ३०० नं ३,००० रुपये. बियाणं, खत, फवारणी, नांगरट तुम्ही धरा.

माझ्या मालाला सरकार हमीभाव जाहीर करतं, पण तो मला मिळत नाही. मजुराला किमान वेतन कायद्यानं आहे, ते मी द्यावं असं सगळे म्हणतात. मी द्यायला तयार आहे. माझ्या हातात येऊ तर द्या.

मागल्या तीन वर्षांत मी काय केलं ते खरं सांगतो. खुरपणी बंद केली. तणनाशक मारतो, निम्म्यात भागतं. ज्या दहा बायका माझ्या रानात आठ-आठ दिवस असायच्या त्या आता दोन दिवस येतात. त्यांच्यातली एक माझ्या वर्गात होती. रस्त्यात भेटली की विचारते, "औंदा खुरपणी हाय का?" मला उत्तर देता येत नाही. हे काम घटलं ना? हे कुठल्या निबंधात धरायचं?

बांधावरून

खडकाळ रान दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी भावाशी बोलताना हा मुद्दा धरलाच नव्हता, आणि धरायला हवा होता.

हंगेरीत २००१ मध्ये किमान वेतन एकदम मोठ्या प्रमाणात वाढवलं. त्यावरच्या अभ्यासात दिसलं की वाढीव खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भार शेवटी गिऱ्हाइकांनी उचलला. मालकांनी किमती वाढवल्या. माणसं फारशी काढावी लागली नाहीत, आणि जिथे काढली तिथे मुख्यतः बाहेर देशी माल विकणारे होते, ज्यांना किंमत वाढवता येत नव्हती. हॉटेलवाला मिसळीची प्लेट दहा रुपयांनी वाढवतो. तुम्ही आडतीवर सोयाबीन घेऊन गेल्यावर "मजुरी वाढली म्हणून २०० जास्त द्या" म्हणू शकता का? भाव दुसराच ठरवतो. तणनाशकाचं कारण तिथे आहे.

म्हणून मला वाटतं, "मजुरी वाढवली की काम घटतं का" असं विचारूच नये. वाढलेला पैसा कुणाच्या खिशातून निघणार आहे, आणि त्याला तो पुढे कुणाकडून वसूल करता येतो का, हे आधी विचारावं. १९८८ मध्ये तो सरकारच्या तिजोरीतून निघायचा होता, आणि निघाला नाही. तुमच्या बाबतीत तो अशा माणसाच्या खिशातून निघतोय ज्याचा स्वतःचा दर कुणी सांभाळत नाही.

जुना मस्टर

मी निवृत्त शाखा अभियंता. ऐंशीच्या दशकात रोहयोची कामं केली आहेत. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्त्यांची खडी. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही.

ताईंनी रेशनिंग हा शब्द वापरला, तो बरोबर आहे. पण ते कसं होतं हे निबंध वाचून कळणार नाही. कामावर कुणालाही "तुला काम नाही" असं सरळ सांगितलं जात नसे. कायद्याने तसं सांगताच येत नव्हतं. वाटा वेगळ्या होत्या.

नवीन काम उघडायला किमान पन्नास मजुरांची मागणी लागायची. चाळीस-पंचेचाळीस अर्ज आले की कागद थांबायचा. अर्ज द्यायचा तर तो घेऊन पोच देणारा माणूस जागेवर पाहिजे. पोच नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे पंधरा दिवस मोजायचे कुठून? भत्ता तर दिवसाला एक-दोन रुपये, त्यासाठी कोण भांडणार. मंजूर कामांची यादी तयार असायची, पण वरून तोंडी निरोप यायचा की अपूर्ण कामं आधी संपवा, नवीन उघडू नका. काम दहा किलोमीटरवर उघडलं की लेकुरवाळ्या बायका आपोआप गळायच्या.

दुसरी वाट मोजमापाची. लोकांना वाटतं रोहयोला हजेरी लावली की पैसे. तसं नव्हतं. दरपत्रक असं बांधलेलं होतं की साधारण माणसाने सात तास नीट काम केलं तर किमान वेतन पडावं. माती किती खोदली, किती लांब आणि किती उंच टाकली, यावर पैसे. दर दुप्पट झाल्यावर मोजमापाची टेप घट्ट धरली जाऊ लागली. मुरूम लागला तरी वहीत मऊ माती लिहिली की मजुरी खाली आली. हातात बारा पडणारच असं नव्हतं. आठ पडायचे, नऊ पडायचे. मीही त्या वह्यांवर सह्या केल्या आहेत. आज वाईट वाटतं.

कामचुकारपणाबद्दल बोलतात म्हणून सांगतो. दोन-अडीचशे मजुरांच्या कामावर पाच-दहा बसून राहणारे असत. पण मोजमाप टोळीचं असल्यामुळे टोळीच त्यांना उठवायची. मी लोकांना दुपारी बाराच्या उन्हात खडी फोडताना पाहिलंय. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. मी तेव्हा विद्यार्थी होतो, आमच्या गावाबाहेर सुकडी वाटली जायची. ती माणसं आळशी असती तर पाझर तलाव झाले नसते.

पेठेतला हिशेब

काका, हे सोनं आहे. कुठे तरी नीट लिहून ठेवा.

एक पुस्ती. रोहयोचा दर बाजारापेक्षा कमी ठेवावा, म्हणजे खरोखर गरजूच येतील, असं मानणारा एक पक्ष अर्थशास्त्रात होताच. राघव गैहा यांनी १९८८ नंतर कमी गरीब लोकही कामावर येऊ लागल्याचं दाखवलं. यातून "दर कमीच बरा" असा अर्थ काढता येतो. मला तो पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या (आशियाई खेळांच्या) बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारी आहे. १९८३ मध्ये राजस्थानच्या दुष्काळी कामांनाही तेच लागू केलं. गरजूंना निवडण्यासाठी त्यांनाच कमी द्यायचं, ही चाळणी मला माणुसकीची वाटत नाही.

खडकाळ रान

काका, नमस्कार. माझे वडील अशाच कामावर होते. मुरमाची माती झाल्याचं ते पण सांगायचे.

उसाच्या फडातून

बीड जिल्हा. आई-वडील ऊसतोडीला जायचे, मी शिकलो आणि आता शाळेत आहे.

काम करण्याची ओढ मजुरीतून कशी येते यावर बोलणं चाललंय म्हणून लिहितो. ऊसतोडीला रोज नसतो, टनावर पैसे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. एक दिवस गेला नाही तर खाडा, त्याचे पैसे उलट कापतात. जितकं तोडाल तितकं मिळेल, ही पुस्तकातली सगळ्यात चांगली पद्धत. आमच्या आईने ताप अंगावर काढून मोळ्या वाहिल्या. पहाटे चारला उठायची. ओढ कमी नव्हती, जास्तच होती. शरीर संपलं.

तासावर किंवा दिवसावर किमान काही बांधलेलं असलं तर माणूस आजारी पडू शकतो. मला किमान वेतनाचा अर्थ तिथून कळतो. आता फडात यंत्रं येताहेत. मजुरी वाढली म्हणून आली असं कारखाने सांगतात. टोळ्या कमी झाल्या म्हणूनही आली आहेत. आमच्या पिढीतले पुष्कळ जण कोयता हातात घ्यायला तयार नाहीत, आणि त्याबद्दल मला आनंद आहे.

म्युनिकहून

जर्मनीत देशभराचं किमान वेतन १ जानेवारी २०१५ पासून आलं, ताशी ८.५० युरो. त्याआधी लाखो नोकऱ्या जातील अशी भाकितं होती. तसं झालं नाही. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की कमी पगाराच्या लोकांचे पगार वाढले, एकूण रोजगार घटला नाही, आणि बरेच लोक लहान, कमी पगार देणाऱ्या ठिकाणांहून मोठ्या, जास्त पगार देणाऱ्या ठिकाणी गेले. म्हणजे काही लहान दुकानं बंद झाली. ज्याचं दुकान गेलं त्याच्यासाठी ते दुःख खरंच आहे.

कामाच्या ओढीबद्दल इथली एक गोष्ट. इथे 'मिनीजॉब' असतो. महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत कमावलं तर कर जवळजवळ नाही. माझी शेजारीण बेकरीत तसं काम करायची. ताशी दर वाढला की ती तास कमी करायची, नाहीतर रकमेची मर्यादा ओलांडली जायची. बेकरीवाला हैराण. लोक म्हणायचे, पगार वाढवला तर हे कमी काम करतात. खोट त्या मर्यादेत होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये किमान वेतन १२ युरो झालं तेव्हा मर्यादा ५२० युरो केली आणि यापुढे ती किमान वेतनाबरोबरच वाढेल असं ठरवलं. ती पुन्हा पहिल्याइतके तास करायला लागली.

सोलापूरची

सगळेजण दर वाढण्याबद्दल बोलताहेत. तो मिळतो का, हे आधी बघा.

माझी आत्या विड्या वळायची. दर हजार विड्यांवर. सरकार दर वाढवतं तेव्हा पेपरला बातमी येते. घरात काय होतं ते सांगते. तेंदूपान कमी मिळायचं. हजार विड्या त्यात पुऱ्या होत नसत, मग बाजारातून पान विकत आणून भरायचं. नेऊन दिल्यावर शंभरेक विड्या खराब म्हणून बाजूला काढायचे, त्यांचे पैसे नाहीत. दर वाढला की खराब निघणाऱ्या विड्याही वाढायच्या.

मी स्वतः दोन वर्षं एका ठेकेदाराकडे सफाईच्या कामावर देखरेखीला होते. कुठल्या शहरात ते सांगत नाही. कामगारांच्या खात्यात पूर्ण किमान वेतन जमा व्हायचं. मूळ वेतन, महागाईचा विशेष भत्ता, सगळं कागदावर बरोबर. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस येऊन प्रत्येकाकडून चार-चार हजार रोख परत न्यायचा. जो देणार नाही त्याचं नाव पुढच्या महिन्याच्या हजेरीत नसायचं. मी नोकरी सोडली. आणखी काय करायला हवं होतं ते आजही कळत नाही.

किमान वेतनाने रोजगार घटत नाही असं आकड्यांत दिसलं की मला आधी हा प्रश्न पडतो, ते वेतन दिलं तरी होतं का?

पेठेतला हिशेब

सोलापूरच्या ताईंनी मर्मावर बोट ठेवलं.

विड्यांचीच एक गोष्ट आठवली. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. १९६८ मध्ये केरळने तो लागू करायला घेतला, तेव्हा मंगळूरच्या एका बड्या कारखानदाराने कण्णूर भागातलं काम बंद केलं. सुमारे १२,००० माणसं एका झटक्यात बेकार. फळ्यावरच्या आकृतीत दाखवतात तसंच. पण गोष्ट तिथे थांबली नाही. फेब्रुवारी १९६९ मध्ये त्याच कामगारांनी सरकारच्या मदतीने सहकारी संस्था काढली, दिनेश बीडी. कायद्यातलं वेतन आणि सवलती देऊन ती अनेक दशकं चालली. माल तोच, हात तेच, मजुरी जास्त. मधला नफा कुणाकडे जातो तेवढं बदललं.

आणि १९४८ च्या किमान वेतन कायद्याचं मूळ विधेयक १९४६ मध्ये आलं, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना. दर पाच वर्षांच्या आत फेरविचार करायचा, असं त्या कायद्यात होतं. महाराष्ट्रात विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैत बदलतो, पण मूळ दरांची फेररचना कित्येक उद्योगांत दहा-दहा वर्षं रखडलेली आपण पाहिली आहे. इतकी वर्षं थांबवून एकदम वाढ केली की धक्का बसतो, मालकालाही. दरवर्षी थोडी झाली असती तर कुणाला कळलीही नसती.

सावली

मनरेगाबद्दल, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीबद्दल, कुणी बोललं नाही. आमच्याकडे २०२४-२५ ला २९७ रुपये दर होता, नंतर ३१२ झाला. शेतात ३०० मिळत असताना बायका तिकडे का जात नव्हत्या, असं मला एका अधिकाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, शेतातले संध्याकाळी हातात पडतात. तिकडचे दोन-दोन महिने येत नव्हते. पंधरा दिवसांत द्यायचे असं कायद्यात होतं. उशिरा दिलेली मजुरी कमी मजुरीच असते, किराणावाला थांबत नाही.

जुना मस्टर

अगदी खरं. आमच्या वेळीही आठवड्याला पगारवाटप चुकलं की पुढच्या सोमवारी हजेरी निम्मी व्हायची.

बांधावरून

पुन्हा लिहायला उशीर झाला. मध्ये गावी जाऊन आले.

जुना मस्टर काकांचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. पन्नास अर्जांचं ऐकून तिने मान हलवली. मग स्वतःहून बोलायला लागली. ती एरवी त्या दिवसांबद्दल बोलत नाही.

पाझर तलावाचं काम होतं. रोज वाढल्याचं मुकादमाने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. बायकांनी तिथल्या तिथे हिशेब केला, कुणी भांडं घेणार होती, कुणी पोराला चप्पल. पुढच्या हजेरीला शेजारच्या दोन वस्त्यांवरूनही माणसं आली, लग्न झालेल्या दोन पोरी माहेरी थांबल्या. मुकादमाने शंभर नावं वाचली आणि वही मिटली. बाकीच्यांना म्हणाला, तुमचं काम निघेल तेव्हा सांगतो. आई शंभरात नव्हती. त्या आठवड्यात ती गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या रानात पाच रुपयांनी गेली. आदल्या महिन्यात तोच सहा देत होता. "काम बंद झाल्याचं त्याला आमच्या आधी कळलं होतं," आई म्हणाली.

हे मी कुठल्याच निबंधात वाचलं नव्हतं. हमीचं काम चालू होतं तोवर शेतकऱ्याला सहा द्यावे लागत होते. ते आखडल्याबरोबर त्याने एक रुपया मागे घेतला. ज्या बायका कधी त्या तलावावर गेल्याच नव्हत्या, त्यांचाही रुपया गेला.

भाऊ बाजूला बसून ऐकत होता. काही बोलला नाही. मग खडकाळ रान दादांचा हिशेब त्याने मागून घेतला आणि स्वतःच्या वहीत कांद्याचा तसाच मांडला. आमचा उतारा, आमचा भाव. ४०० रोज देऊन कांदा बाराशेच्या खाली गेला तर आम्ही बुडतो, हे त्यात स्पष्ट दिसतं. मी त्याला ते नाकारू शकले नाही.

उन्हाळ कांद्याच्या लागवडीला त्याने या वेळी रोज ठरवला नाही. एका एकराचं बारा हजार उक्तं दिलं, वेळ त्यांची त्यांनी ठरवायची. बायकांनी सकाळी सातला सुरू करून उन्हाच्या आत घरी जायचं ठरवलं. तीन दिवसांत लागवड उरकली. नऊ जणी होत्या, दिवसाला ४४४ रुपये पडले.

आठ गावातल्या होत्या, नववी आई. पैसे वाटायला भावाने आठ पाकिटं आणली होती. आईने नववं मागून घेतलं.